राजकन्येला पोट नसतं

जानेवारी आला की नगरची हवा कोरडी होते, ओठ फुटतात, टाचा उलतात आणि सगळ्या शाळांना एकाच वेळी गॅदरिंगचा ताप चढतो. सावेडीत आमच्या बिल्डिंगच्या दोन्ही अंगांना शाळा आहेत. सकाळपासून स्पीकर सुरू. इकडून कोळीगीत, तिकडून लेझीम, मधूनच कुणीतरी घसा खाकरून ‘हॅलो, हॅलो’ म्हणतं. लोकांना हे दिवस फार आवडतात. हुरडा, तिळगूळ, स्वेटर, पोरांचे नाच. मला मात्र या दिवसांचा एक वास येतो. भाड्यानं आणलेल्या ड्रेसचा वास. डांबराच्या गोळ्या, कुणाकुणाचा मुरलेला घाम आणि त्या घामावर थापलेली गुलाबी पावडर.

या वर्षी तो वास पिशवीत बसून माझ्या स्कूटरवरून घरी आला.

मनवा माझी मुलगी. चौथीत आहे. रंग तिनं वडिलांचा घेतला आणि भूक माझी. ती जन्मली तेव्हा बघायला आलेल्या बायका दुपट्यात डोकावून म्हणाल्या होत्या, “बरं झालं बाई, आईवर नाही गेली!” हे त्या माझ्या तोंडावर म्हणाल्या, माझ्यासाठी केलेले डिंकाचे लाडू खात. त्याच रंगाच्या जोरावर शाळेच्या नाटकात मनवाला राजकन्या केलं. ती घरी नाचत आली. मीही हसले. आईनं अशा वेळी हसायचं असतं.

ड्रेसवाल्या बाईंनी निळा, चमचम करणारा गाऊन काढला. मनवा आत शिरली, हात घातले, आणि पाठीवरची झिप कमरेच्या जरा वर येऊन अडली. बाईंनी ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. मग मनवाच्या पोटावर दोन बोटं टेकवून गोड आवाजात म्हणाल्या, “राजकन्येला पोट नसतं, बाळा. आत घे बघू.”

पोरीनं घेतलं. इतकं आत घेतलं की खालच्या बरगड्या वर आल्या. आणि श्वास न सोडता ती माझ्याकडे बघून हसली.

“यापेक्षा मोठा नाही का?” मी विचारलं.

“राजकन्येचा यापेक्षा मोठा येतच नाही, मॅडम. चेटकिणीचा झगा आहे, ऐसपैस. तो देऊ?” दुकानातल्या सगळ्या आया हसल्या. बाईंनी गाऊन पिशवीत भरला. “घेऊन जा. गॅदरिंगला वेळ आहे अजून. तोवर बसेल.”

तोवर बसेल. म्हणजे गाऊन वाढणार नव्हता, पोरगी कमी होणार होती.

गोष्टीतली राजकन्या जेवताना कुणी पाहिली आहे? मी लहानपणापासून ऐकलेल्या, वाचलेल्या, पडद्यावर पाहिलेल्या सगळ्या राजकन्या आठवून पाहिल्या. एकही भाकरी मोडत नाही. एकीच्याही दातात मेथी अडकत नाही. महालात पंचपक्वान्नांची ताटं असतात, पण ती पाहुण्यांसाठी. राजकन्या फार तर फळाला ओठ लावते, आणि लावले की काहीतरी भयंकर घडतं. जेवतं कोण, तर राक्षस आणि चेटकीण. भूक लागणं हे गोष्टींमध्ये वाईट माणसांचं लक्षण आहे.

आमच्याकडे सुंदर बाईचं कौतुक कसं करत? तिनं पान खाल्लं की लाल रस गळ्यातून उतरताना दिसायचा म्हणे, इतकी ती गोरी आणि नितळ. लहानपणी हे ऐकताना मी हरखून जायची आणि पाणी पिताना आरशात स्वतःचा गळा बघायची. आता वाटतं, शी! ट्यूबलाइटच्या खाली पाल चिकटलेली असते, तिच्या पोटातला किडा बाहेरून दिसतो, तसलं हे सौंदर्य. असल्या गळ्याची बाई खरोखर समोर आली असती तर आपण तिला दवाखान्यात नेलं असतं.

मनवाच्या मागच्या वाढदिवसाला तिच्या मावशीनं बाहुलीचा केक आणला होता. मधोमध प्लास्टिकची बाहुली खोचलेली आणि कमरेपासून खाली तिचा घागरा म्हणजे केक. मुलींनी घागरा कापून कापून खाल्ला. शेवटी उरली ती बाहुली, मुठीत मावेल एवढ्या कंबरेची, पायांना प्लास्टिक गुंडाळलेलं आणि त्यावर चिकट गुलाबी क्रीम. मनवानं ती धुऊन, पुसून उशाशी ठेवली. त्या दिवशीच तो घागरा, ती बाहुली सगळं उचलून कचऱ्यात टाकावंसं मला वाटलं होतं. पण वाढदिवस होता, पाहुणे होते, आणि केक चांगला होता असं सगळे म्हणत होते.

जामखेडहून खर्ड्याला जाताना माझं माहेर लागतं. आमच्या माहितीत राजवाडा एकच, खर्ड्याचा किल्ला. शाळेची सहल तिथं गेली की मी राजकन्येची खिडकी शोधायची. सापडायच्या शेळ्यांच्या लेंड्या, बाभळीचे काटे आणि तापलेला दगड. या उन्हात राहणारी राजकन्या गोरीपान राहीलच कशी, हा साधा प्रश्न आम्हा कुणालाच पडला नाही. आमच्या बाईंनाही पडला नाही. मी चौथीत होते त्या जानेवारीत बाईंनी गॅदरिंगसाठी स्वतः नाटक लिहिलं. एका राजकन्येला चेटकीण शाप देते आणि ती काळी पडते. सगळा महाल ऊर बडवून रडतो. मग एका पहाटे ती पानांवरच्या दंवानं तोंड धुते आणि दुधासारखी उजळते. उजळली की राजपुत्र घोड्यावर हजर. म्हणजे शाप कसला, तर माझ्या रंगाचा.

तेव्हा मला हे कळलं नाही. मला एवढंच कळलं की सगळ्यांचे संवाद मला पाठ आहेत, तेव्हा राजकन्या मीच. बाईंनी आम्हा मुलींना मैदानात उन्हात उभं केलं आणि हनुवटी वर करून एकेकीचा चेहरा पाहिला, बाजारात वांगी बघून घेतात तसा. शैला निवडली गेली. पिंगट डोळ्यांची, लोण्यासारख्या रंगाची, आणि स्टेजवर तोंड उघडायला घाबरणारी. माझ्या डोक्यावर हात ठेवून बाई म्हणाल्या, “तू चेटकीण हो. तुझा आवाज खणखणीत आहे.” बाई वाईट नव्हत्या. त्यांना ते खरोखर कौतुकच वाटत होतं, आणि मला आज त्याचीच जास्त किळस येते.

पण मला उपाय ठाऊक होता. तो नाटकातच लिहिलेला होता, दंव.

आमच्याकडे हरभऱ्याची आंब धरतात. हरभरा घाट्यावर आला की संध्याकाळी त्याच्यावर जुनं धुतलेलं धोतर नाहीतर लुगडं अंथरून ठेवायचं. रात्रभर पडणारं दंव झाडावरचा आंबटपणा घेऊन त्या कापडात मुरतं. पहाटे कापड पिळायचं आणि ते पाणी बाटलीत भरून ठेवायचं. पोट दुखलं, अजीर्ण झालं, की चमचाभर. माझी आई दर वर्षी आंब धरायची. मला ती पोटदुखीची कडक बाटली माहीत होती आणि शेतातलं ओलं लुगडंही माहीत होतं, पण त्या जानेवारीत मला त्यात फक्त दंव दिसलं. वाटीभर नाही, लुगडंभर दंव! त्या राजकन्येला पानापानावरून गोळा करावं लागलं होतं. मला ते आयतं अंथरलेलं होतं.

आई उठायच्या आत मी बांधावर गेले. लुगड्याचा पदर उचलला आणि चेहऱ्याभोवती गच्च गुंडाळला. थंड होतं. मग थंडीनं आधीच तडकलेल्या गालांना मुंग्या आल्या, मग आग झाली, मग डोळ्यांत गेलं. तरी मी ते काढलं नाही. उजळताना थोडं दुखणारच, असं मला वाटलं.

आईनं येऊन ते ओरबाडून काढलं. “आगं बया! आंब हाय ती! तिच्यानं मानसाचं पाय उलत्यात, आन तू त्वांड धुतलंस व्हय गं?”

गाल सोलून निघाले. खपल्या धरल्या, त्या काळ्या पडल्या. गॅदरिंगच्या संध्याकाळी मी तशीच काळा परकर डोक्यावरून घेऊन तयार बसले होते. गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ मुलांना शाबासकी द्यायला आत आले, माझ्याकडे पाहिलं आणि बाईंना म्हणाले, “हिला रंग लावायचं कामच न्हाई राहिलं की!” सगळे हसले. बाई हसल्या, मुली हसल्या. दारात माझी आई उभी होती. तीही हसली, तोंडाला पदर लावून.

मी चेटकीण फार चांगली केली म्हणतात.

शैला मला मध्यंतरी संगमनेरला एका लग्नात भेटली. तिकडेच दिली आहे तिला. बघायला आलेल्या पहिल्याच स्थळानं पसंत केली, शिक्षण तिथंच थांबलं. मी धावत गेले, तर तिनं पहिल्यांदा गालावरून हात फिरवला. “वांग आलेत गं मला. फार दिसतात का?” मेकअपचा थर होता, दिसत काहीच नव्हतं. मी म्हटलं, नाही. “मुलगा झाल्यापासून आलेत. आता कुठं जावंसंच वाटत नाही बघ,” ती म्हणाली. मग आठवल्यासारखं करून विचारलं, “तू कशी आहेस?” त्या नाटकात तिला खिडकीत उभं राहायचं होतं, आणि अजूनही ती बिचारी उभीच आहे. तिचा मला एकेकाळी हेवा वाटला होता, याचंही आता वाईट वाटतं.

मनवाचा डबा या जानेवारीत रोज चाटूनपुसून रिकामा यायचा. मी खूश होते. मग घरात एक आंबूस वास यायला लागला. फ्रीज धुतला, मोरी धुतली. शेवटी दप्तराचा बाहेरचा कप्पा उघडला, तर वहीच्या कागदांत गुंडाळलेल्या पोळ्या निघाल्या. हिरवी-राखाडी लव आलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, मुंग्या लागलेल्या. हात लावला तर बोटं आत रुतली. मी बेसिनकडे धावले. पण ओकारी आली ती बुरशीमुळे नाही. हे सगळं तिनं शहाण्या मुलीसारखं, नीट घड्या घालून केलं होतं.

मी रागावले, समजावलं, रडलेही. शाळेत गेले तर वर्गशिक्षिका म्हणाल्या, “अहो, या वयात मुली जरा कॉन्शस होतात. गॅदरिंग झालं की खाईल.” नाटकातून काढून घेईन म्हटलं, तर मनवानं दूधही सोडलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “तुला कुणी राजकन्या केलं नव्हतं ना, म्हणून.” हे तिला कुणी सांगितलं? कुणीच नाही. मुलींना हे आपोआप कळतं.

संक्रांतीला तिला घेऊन माहेरी गेले. शेतात आई आगटीवर हुरडा भाजत होती. कोवळी कणसं, शेंगदाण्याची चटणी, गूळ. त्या वासानं दगडालाही भूक लागावी. मनवा लांब बसली. “मला नको. मी डाएटवर आहे.”

“काय म्हनती ही?” आईनं मला विचारलं.

“जेवत नाही म्हणते. बारीक व्हायचंय.”

“आजारी हाय का काय?” आई कणसं चोळायची थांबली.

मनवाचं लक्ष पलीकडे होतं. “आजी, त्या झाडांना पांघरूण का घातलंय?”

हरभऱ्यावर आईचं जुनं लुगडं होतं. या वर्षीही. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी मनवाला सगळं सांगितलं. नाटक, दंव, आग, सोललेले गाल, त्या गृहस्थांचं बोलणं, सगळ्यांचं हसणं. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मनवा मांडी घालून, डोळे मोठे करून ऐकत होती. माझं संपलं तेव्हा ती जरा पुढं सरकली आणि हळूच विचारलं,

“मग झालीस का गं गोरी? थोडी तरी?”

माझं थोबाड फुटल्यासारखं झालं. एवढा घाव उघडा करून दाखवला, तर पोरीला त्यातही उपायच दिसला! त्या क्षणी मला जगातल्या झाडून सगळ्या राजकन्यांचा, त्यांच्या आरशांचा, त्यांच्या केसांचा आणि त्यांना न्यायला येणाऱ्या बिनडोक घोडेस्वारांचा इतका वीट आला की मी उठून बांधावर जाऊन उभी राहिले.

उत्तर आईनं दिलं. “गोरी कशाची, बया! त्वांड सोलून निगालं हुतं. व्हट फुटल्यालं, भाकर गिळंना. वाटीनं दूध पाजायची मी. तिला तं भूक जरा बी सोसायची न्हाई, आन ती उपाशी निजायची.”

मनवा आजीकडे वळली. “आणि तू हसलीस?”

आईनं आगटीत काडी ढोसली. मला वाटलं, ती आता विषय बदलेल.

“समदी हसली,” ती म्हणाली. “मला वाटलं, मी न्हाई हसले तं समद्यांना दिसंल, मला लागलंय.”

“लागलं होतं?”

“लई.”

“मग माझ्या आईला ते कसं कळणार?”

आईनं पसाभर हुरडा मनवाच्या ओंजळीत घातला. मनवानं त्यातले थोडे दाणे खाल्ले आणि बाकीचे मुठीत धरून बसली. निघताना तिनं आजीला गॅदरिंगला ये म्हणून सांगितलं. आई कधी शहरातल्या शाळेत आली नव्हती, पण ती आली. गुळाच्या पोळ्यांचा डबा घेऊन आली.

गॅदरिंगच्या दिवशी वर्गातले बाक बाजूला सारून मेकअपची खोली केली होती. तोच वास, तीच पावडर. मनवानं गाऊन घातला, पाठ केली, आणि झिप एका झटक्यात मानेपर्यंत गेली. वर्गशिक्षिकांनी टाळ्या वाजवल्या. “परफेक्ट!” आया गोळा झाल्या. किती गोड, कशी नाजूक! एक जण तर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “काय देता हो हिला? आमचीला पण सांगा ना.” मला शिसारी आली. सगळ्या हसत होत्या. डबा छातीशी धरून माझी आई एका बाजूला उभी होती, आणि ती हसत नव्हती.

नाटकात राजकन्येला बुरुजाच्या खिडकीत उभं राहायचं होतं. एवढ्या वर्षांत त्या कामात काही फरक पडलेला नाही. मनवा उभी राहिली, सांगितलं तेव्हा हसली, सांगितलं तेव्हा राजपुत्राला हात दिला. टाळ्या पडल्या. ती आत आली तेव्हा लिपस्टिकच्या कडेनं ओठ पांढरे दिसत होते. मी तिला वळवलं आणि सगळ्यांसमोर झिप खाली ओढली. पाठीच्या कण्यावर झिपच्या दातांची लाल रांग उठली होती. कोंडलेला श्वास बाहेर आला, पोट बाहेर आलं, आणि त्या पोटातून केवढ्यांदा तरी गुरगुर झाली. जवळच्या दोघी-तिघी फिसकन हसल्या.

मनवा कानापर्यंत लाल झाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं आजीकडे पाहिलं.

आईचा चेहरा हलला नाही. “भूक हाय ती,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “बोलनारच.” आणि डब्याचं झाकण उघडलं.

पोळीला तूप लावलेलं होतं. मनवानं एक तुकडा मोडला, मग दुसरा, मग अख्खी पोळी हातात घेतली. लिपस्टिक पोळीला लागली, तूप हनुवटीवरून गाऊनवर ओघळलं. ती बाकावर बसली आणि दोन्ही गाल भरून खायला लागली.

“राजकन्येला पाठवा! ग्रुप फोटो राहिलाय!” बाहेरून हाक आली. वर्गशिक्षिका घाईनं आत आल्या आणि तिच्या झिपेकडे हात नेला. मनवा सरकली, पाठ भिंतीला टेकवून बसली, आणि भरल्या तोंडानं म्हणाली,

“त्यांना थांबायला सांगा. मी जेवतीये.”